डावा कान

"नर्सिंगच्या मुलींची तपासणी पलीकडच्या खोलीत," तो मान वर न करता म्हणाला.

मी जागची हलले नाही. दारावर तर 'श्रवण तपासणी' असंच लिहिलं होतं. नेहमीचे म्हातारे डॉक्टर निवृत्त झालेले आणि त्यांच्या खुर्चीत हा – बाह्या दुमडलेल्या, कपाळावर केसांची बट, हातात माझाच फॉर्म.

"मी नर्स नाही."

"मग?" त्याने फॉर्मवर नजर टाकली. "टँक... अच्छा, टंकलेखन. ऑफिसात."

"टंकलेखन नाही हो. टँक. रणगाडा! पुढे तोफ असते बघा, ती मी डागते."

त्याच्या हातातलं पेन पडलं. खरंच पडलं आणि घरंगळत माझ्या बुटापाशी आलं. मी उचलून पुढे केलं, तर तो ते घ्यायचंच विसरला.

"तुम्ही... आत बसून?"

"टपावर बसून डागता येत नाही ना. हवा चांगली लागली असती."

तेव्हा कुठे तो हसला.

रणगाड्यांवर घेतलेल्या बायकांच्या पहिल्या तुकडीत आम्ही चौघीच होतो. लोक तोंडात बोटं घालायचे, नाकं मुरडायचे... सगळ्याची सवय झाली होती. पण याच्या डोळ्यांत नुसतं निखळ नवल होतं, आणि त्याची सवय मला नव्हती.

त्याने मला काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. बारीक सूर ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच काम. पण काचेपलीकडून तो असा टक लावून बघत होता, की सूर नसतानाच मी दोनदा बटण दाबलं.

"आता काय ऐकू आलं तुम्हाला?"

"काय माहीत... काहीतरी धडधडत होतं."

त्याचे कान लाल झाले. "डावा कान जरा नाजूक आहे. दर महिन्याला यावं लागेल."

"कानासाठी?"

"कागदावर तसंच लिहीन."

सहा महिने मी जात राहिले. तपासणी पंधरा मिनिटांची, मागाहून कँटीनमधला चहा तासाभराचा. तो नेहमी माझ्या उजव्या हाताला बसायचा, म्हणजे मला 'काय? काय?' करावं लागू नये. मी त्याला कानसाहेब म्हणायचे, तो मला तोफ म्हणायचा. याच्यापुढे मात्र गाडी सरकत नव्हती. तोफ डागायला न घाबरणारी मी, एक वाक्य बोलायला घाबरत होते.

आणि सीमेवर जायचा हुकूम आला.

निघायच्या आदल्या दिवशी शेवटची तपासणी होती. डावा कान ठरलेल्या रेघेखाली गेला, तर रणगाडा कायमचा सुटणार. मी श्वास धरून बसले. सूर बारीक होत गेले... मुंगीने पाय आपटावा इतके बारीक. मी बटण दाबत राहिले.

बाहेर आले, तर त्याचा चेहरा पांढराफटक.

"पास," तो म्हणाला. "काठावर, पण पास. आणि... तुम्हाला एक सांगायचंय. तुमचे बाबा आले होते इथे."

"माझे बाबा? कशाला?"

"म्हणाले, एक आकडा इकडचा तिकडे कर. पोरीला नापास कर."

मी मटकन खुर्चीत बसले. माझे बाबा! तीस वर्षं रणगाडा चालवलेले बाबा! माझी निवड झाली तेव्हा गल्लीभर छाती काढून फिरलेले बाबा!

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बघतो म्हणालो." त्याने मान खाली घातली. "दोन दिवस विचार केला. मग नाही म्हणालो."

"दोन दिवस?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "नाही म्हणायला दोन दिवस लागले तुम्हाला?"

मी कागद घेतला आणि दार आपटून निघाले.

घरी बाबा पायरीवर बसून माझे बूट पुसत होते. मी समोर उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि त्यांना कळलं.

"बाबा, का?"

ते बुटाच्या टाचेवर फडकं फिरवत राहिले. "जळत्या रणगाड्यातून मी एकाला बाहेर काढलाय, पोरी. काय उरतं, ते मी बघितलंय."

"तोही कुणाचा तरी मुलगाच होता ना?"

फडकं थांबलं. "होता," बाबा म्हणाले. मग हळूच, "चुकलं माझं. ते त्या पोराने काल घरी येऊन तोंडावर सांगितलं मला. म्हणाला, काका, माझं तुमच्या मुलीवर प्रेम आहे. ती जाऊ नये असं मलाही वाटतं, म्हणूनच माझ्या हातून खोटं होता कामा नये."

"काय म्हणाला?"

"खोटं होता कामा नये."

"त्याच्या आधी, बाबा!"

बाबांनी डोळे विस्फारले. "म्हणजे... तुला बोलला नाही तो? अगं, मला वाटलं तुमचं ठरलंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाठीवर पिशवी घेऊन, मी धाडकन त्याचं दार उघडलं. काचेच्या खोलीत मेसचे जाडजूड आचारी हेडफोन लावून बसले होते आणि हा माइकवर एकेक शब्द म्हणत होता. तो म्हणेल ते त्यांनी मोठ्याने परत म्हणायचं, अशी तपासणी चालली होती.

मला बघून तो ताडकन उठला, पण माइक चालूच राहिला. "तुम्ही?"

"तुम्ही!" आचारी आतून गरजले.

"दोन दिवसांचा राग अजून गेलेला नाही," मी म्हणाले. "परत येईपर्यंत तो पुरवून पुरवून वापरणार आहे. पण बाबांना जे सांगितलंत ते मला का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली..."

"भीती वाटली!" आचारी.

"मलाही वाटते. त्या भीतीसकट... लग्न कराल माझ्याशी?"

त्याचा आ वासलेलाच राहिला. "तुम्ही... मला मागणी घालताय? अशी कुणी मुलगी—"

"कुणीतरी पहिली असतेच. गाडी साडेदहाला आहे, कानसाहेब. लवकर बोला."

त्याचे डोळे भरून आले. माइकवर ओणवा होऊन तो अगदी हळू म्हणाला, "हो."

"हो!" आचाऱ्यांनी अशी आरोळी ठोकली, की बाहेर रांगेत बसलेले सगळे दचकून उभे राहिले.