यशूच्या चष्म्यावर अक्षरं उशिरा का दिसत?

यशू नेहमी उशिरा हसायचा. जेवताना बाबांनी गंमत सांगितली की सगळे खो-खो हसत, आणि ते हसून पुन्हा भाताकडे वळले की मग यशूला हसू यायचं. आठ वर्षांच्या यशू मगदूमला ऐकू येत नसे. तो बोलायला शिकला होता आणि समोरच्याचं बोलणं त्याच्या चष्म्याच्या काचेवर अक्षरांत उमटायचं. २०५८ साली मिरजेत असे चष्मे पुष्कळ मुलांकडे होते. शाळेत बाई बोलल्या की अक्षरं लगेच दिसत. घरी मात्र तोच चष्मा चार-चार सेकंद मागे पडे. असं का?

त्याच्या बारा वर्षांच्या ताईने, शर्वरीने, उत्तर ठरवूनच टाकलं होतं. चष्म्याचा प्रोसेसर (यंत्राचा आकडेमोड करणारा मेंदू) कमी पडतोय. दुप्पट ताकद वर्षभर भाड्याने मिळत होती आणि विज्ञान प्रदर्शनातलं तिचं बक्षीस तेवढ्याला पुरणार होतं. त्या पैशातून तिला दुर्बीण घ्यायची होती. पण भाऊ ताटावर एकटा पडतो, हे तिला बघवत नव्हतं.

आजोबांची बहीण, स्नेहलआजी, तेव्हा घरी आली होती. तिचं सगळं आयुष्य संगणक घडवण्यात गेलेलं.

"ताकद घे की," आजी म्हणाली. "पण वेळ नेमका कुठे जातो, ते मोजलंस का?"

शर्वरीने मोजलं नव्हतं. हुशार माणसंसुद्धा मोजायच्या आधी खरेदीला निघतात, तिथे तिचं काय घेऊन बसलात.

जेवणं झाल्यावर आजीने चष्म्याची नोंद भिंतीवर उघडली. प्रत्येक वाक्याची एक पट्टी. हिरवा भाग म्हणजे प्रोसेसर कामात, राखाडी भाग म्हणजे तो नुसता थांबलेला. चार सेकंदांच्या पट्टीत हिरवा भाग जेमतेम अर्धा सेकंद होता.

"ताकद दुप्पट केली तर हिरव्याचं काय होईल?"

"निम्मा होईल. पाव सेकंद."

"आणि राखाडीचं?"

शर्वरीने राखाडी भागावर बोट टेकवलं. "तो तेवढाच राहील. म्हणजे चारऐवजी पावणेचार सेकंद."

"तुझी आई पोळ्या लाटते, बाबा भाजतात. लाटायलाच वेळ लागत असेल, तर दुसरा तवा आणून काय करायचं? तो रिकामा तापत बसेल. आधी सगळ्यांत हळू पायरी शोधायची."

"मग ताकद कधी घ्यावीच नये का?"

"असं कुठे म्हटलं मी? उद्या जत्रेच्या गर्दीतले चाळीस आवाज वेगळे करायचे झाले, तर पट्टी सगळी हिरवी दिसेल. तेव्हा पैसे जरूर द्यावेत."

"पण हा थांबतो कशासाठी?"

दोघींनी नोंद पुन्हा वाचली. बाबा वाक्य सुरू करत, आई ते मध्येच पूर्ण करी आणि आजोबा दोघांना दुरुस्त करत. मगदूमांच्या घरात कुणाचं वाक्य कुणी पुरं होऊच देत नसे, आणि त्यालाच ते गप्पा म्हणत. एकाचे शब्द दुसऱ्याच्या नावावर जाऊ नयेत म्हणून चष्मा सगळे गप्प होईपर्यंत थांबायचा.

दुसऱ्या दिवशी शर्वरीने हे सांगितलं, तेव्हा बाबांना ते रुचलं नाही. "म्हणजे चूक आमची?" ते म्हणाले. तरी जेवताना एका वेळी एकानेच बोलायचं ठरलं. फार जड गेलं ते. आईने दोनदा ओठ गच्च मिटून घेतले, आणि आजोबांना तर ठसकाच लागला.

बाबा म्हणाले, "रविवारी कृष्णेवर पोहायला जाऊ. यशूला आवडतं."

कुणीच मध्ये बोललं नाही.

"मला पाण्याची भीती वाटते," यशू म्हणाला.

आईचा घास हातातच राहिला. "अरे, मग इतके दिवस हो का म्हणायचास?"

"मी वाचेपर्यंत तुम्ही सगळे हो म्हणून मोकळे व्हायचात. मग मीपण म्हणायचो."

शर्वरीला एकदम रडू आलं. बाबांनी पाण्याचा तांब्या उगाचच इकडचा तिकडे ठेवला.

"बरं," ते म्हणाले, "मग तुला कुठे जायचंय?"

यशूला असं कुणी विचारलं नव्हतं. त्याने विचार करायला पुष्कळ वेळ घेतला आणि मगदूमांचं सगळं घर गप्प बसून वाट बघत राहिलं.