निकालाआधीची घंटा

कोरगावच्या देवळात जमीनमालक भाटकार गौरेशने नवी पितळी घंटा बांधली.

पेडण्याच्या कोर्टाच्या भिंतीवर राजभाषेच्या वादातली घोषणा होती. कुणीतरी तिच्यावर डांबर फासलं.

विनोदिनीबाई चपला हातात घेऊन झरीच्या चिखलात उतरल्या.

डिचोलीत ज्येष्ठ न्यायाधीश शिवदासांनी चहा घेता घेता विनोदिनीबाईंना विचारलं, "मग, काय ठरवलंस?"

हे प्रकरण कानावर आलं आणि मंगेशचं डोकं फिरलं.

"नव्या न्यायाधीश म्हणून बाईंवर आळ घ्यायचा? लाज नाही लोकांना!"

"आधी ऐकू तरी दे," खासगी तपास करणारा त्याचा मित्र जयवंत म्हणाला.

पेडण्याच्या कोर्टातल्या खोलीत दोघांसमोर विनोदिनीबाई होत्या. झरीच्या पाण्यावरून गौरेश आणि त्याचं कूळ रुक्मिणी यांचा दावा त्यांच्यापुढे होता. निकाल उद्या. पण तो आधीच फुटल्याची तक्रार रुक्मिणीने केली होती. आळ खरा ठरला तर बाईंची नोकरी जाणार होती.

"निकाल काय आहे?" मंगेशने विचारलं.

"तो उद्या कोर्टातच कळेल. तुम्हालाही."

जयवंत हसला. "निकालाबद्दल कुणाशी बोललात?"

"फक्त शिवदाससरांशी. नव्यांनी त्यांना विचारायचं, अशी पद्धतच आहे. तेही जागा पाहण्याआधी."

रुक्मिणी आपल्या घराच्या अंगणातूनच कडाडली. "तेणें घंटा बांदली मरे! काम जाल्याबगर आंगवण कोण फेडता?"

निकालाआधीच नवस फेडला, म्हणजे गौरेशला जिंकल्याची खात्री होती.

कोर्टाचा टायपिस्ट सगुण रडकुंडीला आला होता. "बाई जागा पाहून आल्या, मगच मी निकाल टाइप केला. त्याआधी मला काहीच ठाऊक नव्हतं."

"हाच चोर," मंगेश बाहेर येऊन पुटपुटला.

डिचोलीत शिवदासांनी चहा पुढे केला. "पोरगी एकदाच विचारायला आली. पुढे बोलणं नाही. टायपिस्टला धरा. आणि तिचं काम समाधानकारक नाही, असं मी वर कळवतोय."

दुसऱ्या दिवशी विनोदिनीबाईंनी निकाल वाचला. झरीचं पाणी रुक्मिणीचं.

गौरेश ताडकन उठला. "असं कसं? शिवदाससाहेब तर..." आणि जीभ चावली.

जयवंतने शिवदासांना बाईंच्या खोलीत बोलावून घेतलं होतं. तिथे तो म्हणाला,

"सगुणने निकाल फोडला असता, तर गौरेशने घंटा बांधलीच नसती. सगुणला खरा निकाल ठाऊक होता. गौरेशला कळला तो चुकीचा. म्हणजे सांगणाऱ्याने बाईंचं जुनं मत ऐकलं होतं, नवं नाही."

"जुनं मत काय होतं?" मंगेशला अजून उमगेना.

"पाणी भाटकाराचं," विनोदिनीबाई म्हणाल्या. "पण रुक्मिणीच्या सासऱ्याने बांधलेला दगडी पाट चिखलाखाली होता. तो पाहिला आणि मत बदललं. सरांना सांगायला पुन्हा गेले नाही."

शिवदास पुटपुटले, "गौरेश माझा व्याही होणार. सहज बोलून गेलो."

"सहज?" मंगेशने टेबलावर मूठ आपटली. "आणि तोंड तुमचं सुटलं, तर नोकरी बाईंची घालवायची? वर अहवालही तुम्हीच लिहायचा?"

विनोदिनीबाईंनी दार उघडून धरलं. "सर, जे मला सांगितलंत, तेच आता वर लिहून कळवा. नाहीतर मी कळवीन."

निकाल लिहिण्याआधी जागा स्वतः पाहावी, हे शिवदासांनी विनोदिनीबाईंना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.