ज्यानं बांधली त्यानं सोडायची

धुकं इतकं दाट होतं की सकाळचे दहा वाजले तरी धावपट्टीचं टोक दिसत नव्हतं. मिस्त्री हातात पाना आणि पेचकस घेऊन शेडकडे निघाला होता. काम साधं होतं. कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेल्या मोडक्या विमानातलं घड्याळ काढून साहेबाला द्यायचं. चौकशी समितीला ते हवं होतं. किती वाजता पडलं ते कळायला. का पडलं ते कळून घ्यायची कोणाला घाई नव्हती.

टपाल नेणारी ती छोटी कंपनी. दोन विमानं, तीही लाकडाची, कापडानं मढवलेली, समोर एक लाकडी पंखा. त्या काळात विमानं पडायचीच. पडली की वर्तमानपत्रात चार ओळी यायच्या आणि दुसऱ्या दिवशी नवा माणूस त्याच खुर्चीत बसायचा. अशा धंद्यात माणूस जगतो तो नियमावर. शेडचा नियम एकच होता. विमानात खोट सापडली की मिस्त्रीनं पंख्याच्या मधल्या तुंब्याला लाल चिंधी बांधायची. चिंधी आहे तोवर विमान हलायचं नाही, मग टपाल कुजो नाहीतर मालकाचा जीव जावो. आणि ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. दुसऱ्या कोणी तिला बोट लावायचं नाही.

मेलेला वैमानिक मिस्त्रीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. डावखुरा होता म्हणून सगळे त्याला डावऱ्या म्हणत. मिस्त्रीची गाठ त्यानं हौसेनं शिकून घेतली होती, पण त्याच्या हातून ती नेहमी उलटी पडायची, शेपूट भलत्याच बाजूला.

"काय पाहुणे," मिस्त्री म्हणायचा, "गाठ बांधताय की आरशात बघताय?"

"दादा, तुमच्या बहिणीशी बांधली ती सुलटीच पडली ना? मग झालं."

रोज सकाळी पंखा मोकळा दिसत असला तरी डावऱ्या चढण्याआधी विचारायचा, "दादा, सोडली?" आणि मिस्त्री म्हणायचा, "सोडली. या जाऊन." एवढं झाल्याशिवाय त्यानं कधी पाय उचलला नाही.

अकरा दिवसांपूर्वी संध्याकाळी मिस्त्रीला तुंब्याजवळ बोल्टाच्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर दिसली. त्यानं चिंधी बांधली आणि साहेबाला सांगितलं. साहेबानं मान डोलावली आणि त्याला पहाटेच्या गाडीनं शहरात पाठवलं, नवा पंखा आणायला. दुपारी नवा पंखा खांद्यावर घेऊन मिस्त्री फाटकाशी उतरला, तेव्हा टेकडीमागून धूर निघत होता.

पहारेकऱ्यानं त्याला हळूच सांगितलं. डावऱ्यानं पंखा मोकळा पाहिला, तरी विचारलं, "दादांनी सोडली?" साहेब म्हणाला, "हो तर. जाताना सोडून गेला." एवढं एकदाच. पुन्हा पहारेकऱ्यानं ते कोणापुढे काढलं नाही. त्यालाही घरी भरायची पोटं होती.

तो नवा पंखा अजून गोणपाटात गुंडाळलेला, शेडच्या भिंतीला टेकून उभा होता. मिस्त्री त्याच्याकडे न बघता पुढे गेला.

शेडमध्ये शिरताच त्याला वास आला. जळक्या एरंडेलाचा. त्या इंजिनांत वंगण म्हणून एरंडेलच घालत, त्यामुळे वासात नवल काही नव्हतं. पण हा शिळा वास नव्हता. गरम होता. नुकत्याच उतरलेल्या विमानाभोवती असतो तसा.

मग त्याला आवाज ऐकू आला. टक्... टक्... टक्.

तीस वर्षं इंजिनांत हात घातलेल्या माणसाला तो आवाज झोपेतही कळतो. तापलेलं लोखंड निवत असताना असं वाजतं. मिस्त्रीनं ताडपत्रीचं टोक उचलून इंजिनावर तळहात टेकवला. लोखंड बर्फासारखं थंड होतं. दहा दिवस थंड होतं. आणि तरी त्याच्या हाताखाली ते वाजत होतं, टक्... टक्...

त्यानं घड्याळाचा पहिला पेच सैल केला. तेव्हाच मागून, कानाच्या अगदी जवळून, कोणीतरी विचारलं.

"दादा... सोडली?"

आवाजात राग नव्हता, रडं नव्हतं. रोजच्यासारखाच, चढायच्या घाईतला आवाज. त्यामुळेच मिस्त्रीच्या हातून पेचकस गळून पडला. मागे वळायची त्याची छाती झाली नाही. दहा रात्री हाच प्रश्न त्यानं स्वतःला विचारला होता. आपण होतो कुठे? साहेबानं जा म्हटलं आणि आपण शेपूट हलवत गेलो. पंख्यापाशी राखणीला कोणाला बसवलं नाही.

"नाही, पाहुणे," तो कसाबसा म्हणाला. "मी नाही सोडली... मी नव्हतोच इथं..."

इंजिनाचं वाजणं थांबलं.

दाराशी बूट वाजले. धुक्यातून साहेब आत आला. एका हातात कागद, दुसरा हात कोटाच्या खिशात.

"मिस्त्री, घड्याळ निघालं का? बरं, आधी इथं एक सही करा. उद्या चौकशी आहे."

मिस्त्रीनं कागद उजेडाकडे धरला. त्यावर लिहिलं होतं: पंखा निर्दोष होता. चिंधी बांधलेली नव्हती. वैमानिकाला धाडसी कसरतींची सवय होती.

"कसरती?" मिस्त्री म्हणाला. "तो माणूस वळण घेतानासुद्धा टपालाच्या पिशव्या सरकतील म्हणून जपायचा."

"तो गेला. आता त्याला काय फरक पडतो?"

"माझ्या बहिणीला पडतो. पाण्याला गेली तर बायका तिला ऐकू जाईल असं बोलतात. म्हणे मस्तीत उडवत होता, म्हणून गेला. तुम्ही पसरवलेलं आहे ते."

"मिस्त्री, सांभाळून."

"दहा दिवस सांभाळूनच आहे. चिंधी मी बांधली होती, साहेब. तुम्ही सोडली. आणि माझ्या नावावर सोडली. त्याला वाटलं दादानं सोडली, म्हणून तो चढला. तुम्ही त्याला माझ्या शब्दानं मारलंत." त्यानं कागदाची चार शकलं केली आणि साहेबाच्या बुटांवर टाकली. "मेलेला माणूस साक्षीला येत नाही म्हणून तुमचं फावतं."

साहेब ओरडेल असं त्याला वाटलं होतं. साहेब ओरडला नाही. त्यानं वळून मागे पाहिलं, दारात कोणी नाही याची खात्री केली. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता. मग त्यानं खिशातला हात बाहेर काढला आणि बाही वर सारली.

मनगटाला लाल चिंधी होती.

"ही सोड," तो पुटपुटला. "कात्रीनं कापतो... सकाळी पुन्हा असते. दार आतून लावून झोपतो, तरी असते. तूच येतोस. कसा येतोस ते मला माहीत नाही... पण गाठ तुझीच आहे. सोड ही."

मिस्त्रीनं खाली वाकून गाठ पाहिली. चिंधीला एरंडेलाचा वास होता. विळखा त्याचाच होता, शेवटचा फेराही त्याचाच. फक्त शेपूट भलत्याच बाजूला होतं.

तो एक पाऊल मागे सरला.

"ही माझी नाही, साहेब," तो हळू म्हणाला. "उलटी आहे."

साहेबाला ते कळायला दोन श्वास लागले. मग त्यानं झटक्यात बाही खाली ओढली.

"खरं लिहून द्या," मिस्त्री म्हणाला. "कदाचित तो सोडेल. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, दुसरा उपाय नाही."

साहेबाचे ओठ हलले. क्षणभर वाटलं, माणूस कबूल होतोय. पण खुर्चीची ऊब फार वाईट. त्यानं अर्धवट सुटलेलं घड्याळ स्वतःच्या हातानं उपटून काढलं आणि धुक्यात चालता झाला. त्याच्या पाठोपाठ ताडपत्रीखाली पुन्हा सुरू झालं. टक्... टक्...

दुसऱ्या दिवशी मिस्त्री चौकशीला गेला. बोलावलं नव्हतं, तरी गेला. दारावरच्या शिपायानं यादीत नाव नाही म्हणून त्याला बाहेर बसवलं. आत तीन मोठी माणसं होती. तिघांपैकी एकानंही आयुष्यात पंख्याला हात लावला नव्हता. मिस्त्रीनं आरडाओरडा केला, दार ठोठावलं. आतून कोणीतरी म्हणालं, "त्या मेव्हण्याला गप्प बसवा." चहा आत जात होता, रिकामे कप बाहेर येत होते. दोन तासांत निकाल लागला.

तिसऱ्या दिवशी बहिणीनं वर्तमानपत्र त्याच्यासमोर टाकलं. इतके दिवस ती रडली नव्हती, आताही रडत नव्हती.

"वाच, दादा. मोठ्या अक्षरात छापलंय. वैमानिकाची चूक."

"वाचलं."

"शेवटी चढताना त्यांनी विचारलं असेल ना रे? तू दिसला नाहीस तरी... विचारलं असेल."

"विचारलं," मिस्त्री म्हणाला. "अजून विचारतोय."

तिनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. मग दोघं बातमीखालच्या फोटोकडे बघू लागले. समितीचे तिघं हसत अहवाल पुढे करत होते, एका अहवालाला तीन उजवे हात. समोर साहेब उभा होता, त्याचा एक हात कोटाच्या खिशात.

बहीण खाली वाकली. बोटानं फोटो पुसल्यासारखं केलं, मग पुन्हा केलं.

"दादा, ही शाई सांडलीय का रे छापताना? तिघांच्याही मनगटावर काळी पट्टी दिसतेय."

मिस्त्रीनं भिंग आणलं. काळ्या-पांढऱ्या छपाईत लाल रंगही काळाच दिसतो. पहिल्याच्या बाहीखालून पट्टीचं टोक बाहेर आलं होतं. दुसऱ्याच्याही. तिसऱ्याच्याही. आणि तिन्ही टोकं एकाच बाजूला होती, भलत्याच.

त्यानं भिंग खाली ठेवलं. मग बहिणीला दिसणार नाही अशा बेतानं, टेबलाखाली, सदऱ्याची बाही हळूच वर केली.

मनगट मोकळं होतं. फक्त त्यावर दोन बोटं रुंद, लालसर वळ होता, बांधलेली चिंधी नुकतीच सोडल्यासारखा. आणि त्याला एरंडेलाचा वास येत होता.