पातळ पाटीतले ढग

"हे काय गं शकूमावशी? मुलांची पाटी की पोळपाट?"

मालाच्या लिफ्टमध्ये माणसं कोंबलेली, वर दोन खोकी आणि छताला न फिरणारा पंखा. ऑक्टोबरची दुपार. कृतिकाच्या नाकासमोर कुणाची तरी निळ्या शर्टातली पाठ होती, आणि त्या पाठीशी तिला काही देणंघेणं नव्हतं. नोकरीचा दुसराच दिवस होता आणि हातात होतं ते काळं यंत्र... बालवाडीतल्या मुलांना बोटानं अक्षरं गिरवायला केलेली स्क्रीनची पाटी.

"चार वर्षांचं पोर उचलणार हे? आणि या कडा बघ, अंगठ्याला टोचतायत! ज्यानं बनवलंय त्यानं लहान मूल कधी जवळून पाहिलंय का?"

शकूमावशींनी डोळे मोठे केले. भुवया उडवल्या. शेवटी कोपरानं ढोसलं. कृतिका थांबली नाही. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थडकली तेव्हा निळा शर्ट आधी उतरला, वळला, आणि लोखंडी जाळी तिच्यासाठी धरून उभा राहिला.

"पोळपाटवाला मीच," तो म्हणाला. "प्रितम. डिझाइन."

लिफ्ट त्या क्षणी पुन्हा खाली गेली असती तर बरं झालं असतं. नेमकी त्याच दिवशी ती शहाण्यासारखी उभी राहिली.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या गाळ्यात पाट्यांची जुळणी चालायची. शकूमावशींच्या हाताखालच्या बायका बॉडीत स्क्रीन बसवायच्या, वर काच, मागून झाकण, मग स्क्रू. तयार पाटी कृतिकाकडे यायची. स्क्रीन स्वच्छ दिसली तर हिरवी टिकली, नाही तर लाल. लाल टिकलीची पाटी खोक्यात जात नसे, मग शेठ येवोत की शेठांचे वडील.

दिवाळी झाली आणि प्रितम नवी पाटी घेऊन आला. तिच्या टेबलावर ठेवली आणि उगाचच खिडकीबाहेर बघत राहिला.

"उचलून बघा ना..."

तिनं उचलली. पातळ! निम्म्यानं तरी पातळ. कडा गोल, आणि डाव्या बाजूला एक हलकासा खोलगट भाग, तिचा अंगठा आपोआप जाऊन बसेल असा.

"छान आहे," ती म्हणाली.

बस्, एवढंच. पण माणूस दिवसभर शीळ घालत फिरला. शेवटी शकूमावशी ओरडल्या, "आरं, कुकर लागलाय का इथं?"

पाटी घेऊन कृतिका काळ्या पडद्याच्या खोलीत गेली. खोली कसली, पानाच्या टपरीएवढा कोपरा. आत दिवा नाही, धूळ उडते म्हणून पंखाही नाही. स्क्रीन पूर्ण काळी करायची, डोळे अंधाराला सरावू द्यायचे, मग बघायचं. तिनं बघितलं. डाव्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या त्या सुंदर खोलगट भागाच्या अगदी मागे, एक फिकट पांढुरका डाग पसरला होता. गाळ्यात याला ढग म्हणत. खालीही एक. उजवीकडे अर्धा.

"प्रितम सर! जरा आत या."

तो आत आला. पडदा मिटला. दोघांत पाटीएवढंच अंतर राहिलं.

"दिसतंय?"

"मला काहीच दिसत नाहीये."

"डोळे सरावू द्या."

"सरावतायत," तो हळूच म्हणाला. "तुम्ही केसाला काय लावता? बकुळीचा वास येतो."

"सर, ढग बघा!"

"बघतोय... बघतोय. स्क्रूमुळे असेल. बायका एका बाजूनं आवळत जातात, मग झाकण तिरकं दाबतं."

पडद्यापलीकडून आवाज आला, "आमी फुलीच्या फुलीनं आवळतो! या कोपऱ्याचा, मग समोरच्या कोपऱ्याचा! आमाला शिकवू नको!"

झालं. मग रोजचंच सुरू झालं. प्रितम स्क्रूंवर घसरायचा, शकूमावशी स्क्रीनवर, स्क्रीन पुरवणारा फोनवरून बॉडीवर. कृतिका मात्र लाल टिकल्या लावत राहिली. रोज पडद्याआड दोघं घामाघूम. रोज तो तिच्यासाठी थंड कोकम सरबताची बाटली आणायचा, शहाडच्या घरून कपड्यात गुंडाळून, आणि ती रोज पिऊन झाल्यावर त्याची पाटी नापास करायची.

एकदा वैतागून तिनं स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेतला. डाव्या कोपऱ्याचे दोन स्क्रू थोडे सैल केले. तिथला ढग गेला. आवळले, ढग परत.

"बघा! स्क्रीनच्या मागे श्वास घ्यायला जागाच नाही. झाकण मागून तिला दाबतंय, दाबलं की तिथून उजेड झिरपतो. मऊ पट्टी लावायलासुद्धा फट ठेवलेली नाही तुम्ही."

प्रितम त्या खोलगट भागावरून अंगठा फिरवत राहिला.

"आधीच्या जाड पाटीत एकही ढग नव्हता. मग पुन्हा जाड करा ना!"

"नाही."

"का?"

त्यानं कॉलर सैल केली. शकूमावशी बांगड्या मागेपुढे करू लागल्या. जुळणीचा सुपरवायझर संदेश छताच्या पंख्याकडे असा बघत राहिला, जणू तो आजच लावलाय.

"अहो, का ते सांगा तरी!"

कुणी सांगेना. सगळ्या गाळ्याला काहीतरी माहीत होतं आणि तिलाच नव्हतं. याचा तिला ढगांपेक्षा जास्त संताप आला.

त्यात शेठांचा निरोप आला. शनिवारी ते स्वतः पाटी बघणार. ढग दिसले तर बॉडी बाहेरून तयार घ्यायची, आणि मग इथे डिझाइनचं काम उरत नाही... प्रितमला वापीच्या कारखान्यात पाठवायचं.

त्या दिवशी कोकमाची बाटली तिनं अर्धीच प्यायली. चव तीच होती.

शनिवारी सकाळी संदेश तिच्या टेबलाशी वाकला. "मॅडम, सगळेच स्क्रू थोडे सैल ठेवलेत. शेठ बघून गेले की आवळू. प्रितमला यातलं काही माहीत नाही. तुम्ही फक्त हिरवी लावा."

ती पाटी घेऊन पडद्याआड गेली. स्क्रीन काळीभोर, एकही ढग नाही. हिरवी टिकली बोटावर चिकटली होती. लावली असती तर तो इथेच राहिला असता. उद्या कोकम, परवा कोकम... तिनं पाटी कानाजवळ धरून हलवली. मागचं झाकण खटखट वाजलं. आवळली तर ढग परत, आणि नाही आवळली तर एखादं पोर ही हातातून टाकणार, टाकणारच, आणि काच निघून येणार.

ती बाहेर आली, स्क्रू आवळले आणि लाल टिकली लावली. मग टेबलाखाली वाकून बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. तिथे काहीच पडलेलं नव्हतं.

उत्तमशेठ घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये शिजून आले ते आल्या आल्याच तापलेले.

"लाल? पुन्हा लाल?"

"हो सर. ढग आहेत."

"प्रितम, पहिली पाटी पास झाली होती ना? मी मागितली होती का पातळ? गिऱ्हाइकानं मागितली होती?"

"नाही सर."

"मग कुणी सांगितलं होतं?"

स्क्रूड्रायव्हर थांबले. संदेशनं पुन्हा पंखा न्याहाळायला घेतला.

"म्हणजे... वजन... आजकाल मार्केटमध्ये..." प्रितम अडखळला.

कृतिकाचा बांध फुटला. "मार्केट काय सर? आज वापीला पाठवतायत तुम्हाला! खरं कारण सांगा ना आता तरी! कशासाठी एवढा हट्ट त्या पातळ पाटीचा?"

त्यानं टेबलावरची पाटी उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"लिफ्टमध्ये तुम्ही म्हणालात," तो पुटपुटला. "पोळपाट. आणि कडा टोचतात. आणि मग नवीन बघून... छान आहे म्हणालात."

तिला लिफ्ट आठवली. निळी पाठ. स्वतःची जीभ. मग तो खोलगट भाग आठवला, जिथे फक्त तिचाच अंगठा इतका नेमका बसायचा.

"माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे नाही. म्हणजे... वजनाच्या दृष्टीनं..."

"ए पोरा!" शकूमावशींनी हातातलं झाकण टेबलावर आपटलं. "तुझ्या वजनाला आग लागो! दिवाळीपासून बघतो आमी. ही ढग बघतं, तू हिला बघतंस, आन शिव्या आमच्या स्क्रूना! आता बोल, नाय तर मी बोलतं!"

शेठांनी घड्याळ बघितलं, मग प्रितमला बघितलं, आणि चक्क खुर्ची ओढून बसले.

प्रितमनं कपाळ पुसलं. आवाज इतका बारीक होता की शेवटच्या टेबलावरच्या बाया पुढे वाकल्या.

"कृतिका, मला तू आवडतेस. पोळपाट म्हणालीस तेव्हापासून."

सगळा गाळा आता तिच्याकडे वळला. तिचे कान तापले, डोळे भरून आले, हसू आवरेना आणि या सगळ्याचा भयंकर रागही आला. तिनं ती लाल टिकलीची पाटी उचलली आणि त्याच्या छातीवर टेकवली.

"मलाही आवडतोस," ती म्हणाली. "मग जाड कर ना रे ती!"