‘नंतर बघू’चा खण

‘ही नको.’

आमची ओळख झाली ती या दोन शब्दांनी, आणि तेही कागदावर लिहिलेल्या.

दाताच्या डॉक्टरांकडे मी माझ्या नंबरची वाट बघत बसले होते. हातात आरोग्य विम्याचं चकचकीत पत्रक होतं. त्यावर आजीपासून नातवापर्यंत एक अख्खं कुटुंब खदाखदा हसत होतं. यांना कसले आजार होतायत! योजना स्वस्त होती. मी पत्रकावरचा नंबर मोबाइलवर दाबायला घेतला, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून ही चिठ्ठी माझ्या पुढ्यात आली.

मी मान वळवली. उजवा गाल टम्म फुगलेला, भुलीच्या इंजेक्शनने ओठ एका बाजूला ओघळलेला. डोळे मात्र चांगले होते. खरं सांगायचं तर फारच चांगले होते, पण तेव्हा मला राग आला होता.

“तुम्हाला काय करायचंय हो?”

त्याने निमूटपणे पुढे लिहिलं. ‘विमा कंपनीतच आहे. कोणासाठी घेताय?’

“बाबांसाठी. आणि माझ्यासाठी.”

‘वय?’

“माझं की बाबांचं?”

तो हसायला गेला, पण हसू अर्ध्याच तोंडावर आलं. ‘आधी बाबांचं.’

आधी! म्हणजे नंतर माझंही विचारणार होता की काय? आगाऊ कुठला! “एकसष्ट,” मी म्हटलं.

त्याने पत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेल्या ओळीखाली रेघ मारली. साठीच्या पुढच्या माणसाच्या बिलाचा पाचवा हिस्सा घरच्यांनीच भरायचा. त्याखालच्या ओळीत हॉस्पिटलमधल्या खोलीच्या भाड्यालाही मर्यादा होती. मी दोनदा वाचलं आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. नर्सने मला हाक मारली तेव्हा त्या चिठ्ठीवर त्याचा नंबरही आला होता.

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, “आज एक गालफुग्या भेटला.” तेच त्याचं नाव पडलं.

विम्याची घाई का, तेही सांगते. छापखान्याच्या ऑफिसात सहा वर्षं काढून मी राजीनामा दिला होता. मला पिशव्या शिवायच्या होत्या, चांगल्या जाड कापडाच्या, जन्मभर टिकतील अशा. दोन मशिनं घेऊन झाली होती, मागची खोली रिकामी केली होती. पण ऑफिसच्या पॉलिसीत बाबांचंही नाव होतं, आणि महिनाअखेरीला माझी नोकरी संपली की तीही संपणार होती. सात वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात आमच्याकडे विमा नव्हता. आम्ही घरातलं होतं नव्हतं ते विकलं आणि माझं कॉलेज सुटलं, ते सुटलंच. म्हणून मी ठरवलं होतं, बाबांचा विमा झाल्याशिवाय मशिनला दोरा लावायचा नाही. हातात एकोणीस दिवस होते.

मी फोन केला, आणि गालफुग्या शनिवारी संध्याकाळी घरी हजर! गाल उतरला होता. आता तर आणखीच पंचाईत, कारण माणूस चक्क देखणा निघाला.

बाबा घड्याळं दुरुस्त करतात. पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान आहे, आणि भिंतीला चाळीस इवल्या खणांचं कपाट. प्रत्येक खणावर चिठ्ठी... ‘काटे, लेडीज’, ‘पट्ट्यांच्या पिना’, ‘चाव्या’. सगळ्यात खालच्या ओळीत एक खण ‘नंतर बघू’. जी घड्याळं आज जमत नाहीत त्यांचे भाग त्यात जातात.

गालफुग्याने वही काढली. “घरात कोण कोण?”

“मी आणि बाबा.”

“पुढे कोणाची भर पडण्याची शक्यता?”

“हा प्रश्न फॉर्ममध्ये आहे?”

“आहे.” मग वहीत डोकं घालून म्हणाला, “म्हणजे... जवळजवळ आहे.”

बाबा भिंगातून घड्याळाकडे बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

“हे बघा,” तो घाईने विषयावर आला, “तुमच्याकडे गिऱ्हाईक पिशवी घ्यायला आलं तर तुम्ही आधी काय विचाराल?”

“वजन किती न्यायचंय ते.”

“झालं तर! विम्याचंही तेच. किमतीवर जाऊ नका. आधी बघायचं, वजन केवढं पडणार, बंद कुठे तुटू शकतो.”

मला ते इतकं पटलं की मी चहात साखर टाकायलाच विसरले. त्याने तो फिका चहा मिटक्या मारत प्यायला.

दुसऱ्यांदा आला तो हॉस्पिटलांची यादी घेऊन. पैसे न भरता दाखल करून घेणारी कोणती, आणि आमच्या दारापासून प्रत्येकाला किती वेळ लागतो, तेही पुढे लिहिलेलं. “हे कंपनी देते?” मी विचारलं. “नाही, मी चालून बघितलं,” तो म्हणाला आणि कान खाजवायला लागला. तिसऱ्यांदा आला तो मी बोलावलं म्हणून. प्रतीक्षा काळ म्हणजे काय, ते मला पुन्हा एकदा समजून घ्यायचं होतं. आधीपासून आजार असेल तर त्याचा खर्च मिळायला काही वर्षं थांबावं लागतं, एवढीच गोष्ट. पण तो समजावताना हातांनी हवेत छोटे छोटे डबे काढायचा, आणि ते बघत बसावंसं वाटायचं.

चौथ्या खेपेला सहीचा दिवस होता. सहा दिवस उरले होते. योजना ठरली होती, फॉर्म मी भरून ठेवला होता. ‘आधीपासूनचे आजार’ या रकान्यात बाबांना विचारूनच ‘नाही’ लिहिलं होतं. गालफुग्याच्या घड्याळाचा पट्टा नेमका त्याच दिवशी सुटला होता.

“दे इकडे,” बाबा म्हणाले. “तेवढी पिन काढ. डावीकडून तिसरा खण.”

त्याने डावीकडून तिसराच खण उघडला, पण सगळ्यात खालच्या ओळीतला, ‘नंतर बघू’चा. आणि तो तसाच वाकून राहिला.

मी पेनाचं टोपण काढलं.

“थांबा. सही करू नका.”

त्याच्या हातात गोळ्यांची पाकिटं होती. एक अर्धं संपलेलं, दोन भरलेली.

“काका,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही सांगता की मी सांगू?”

बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. “ब्लडप्रेशरच्या आहेत. चौदा महिने झाले.”

“चौदा महिने! आणि मला पत्ता नाही?”

“तुला सांगितलं असतं तर तू नोकरी सोडली असतीस?”

नसतीच सोडली.

“आईच्या वेळी तुझं कॉलेज गेलं,” बाबा म्हणाले. “आता माझ्यापायी ही मशिनंही धूळ खात पडली असती. ते मला नको होतं गं.”

बाबांवर ओरडावं तर ओरडवेना. मग वड्याचं तेल वांग्यावर काढलं. “तुम्हाला न बघितल्यासारखं करता आलं नसतं का?” मी गालफुग्यावर खेकसले. “सहाच दिवस राहिलेत!”

“आलं असतं.” त्याचा आवाज चढला नाही. “पण ज्या दिवशी काकांना खरंच न्यावं लागेल, त्या दिवशी कंपनी जुने कागद काढेल. मग नकाराचं पत्र येईल. अशी पत्रं मी रोज लिहितो. तुम्हाला... तुम्हाला नाही लिहिता येणार मला.”

“निघा तुम्ही.”

तो गेला. घड्याळ बाबांच्या टेबलावरच राहिलं. मी मागच्या खोलीत मशिनवर डोकं टेकवून खूप रडले.

सकाळी राजीनामा मागे घ्यायचं पत्र लिहायला बसले, पण दोन ओळींपुढे हात चालेना. शेवटी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. एक गोड आवाजाची बाई बोलली.

“ब्लडप्रेशर असलं तरी पॉलिसी मिळते ना, मॅडम. फक्त खरं लिहा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, एक तपासणी होईल, हप्ता थोडा वाढेल. ब्लडप्रेशरमुळे होणाऱ्या आजारांना दोन वर्षं थांबावं लागेल, बाकी बहुतेक सगळं लवकर सुरू होतं.”

म्हणजे रात्रभर मी उगाच आभाळ कोसळल्यासारखी रडले होते! “मग तुमच्या माणसाला घरी पाठवा,” मी म्हटलं. “तो नको पण. दुसरा.”

“घरी? घरी कोणी येत नाही, मॅडम. तीन वर्षं झाली ते बंद होऊन. सगळं फोनवर होतं, वीस मिनिटांत.”

“असं कसं? आमच्याकडे चार वेळा आला की!” मी चिठ्ठीवरचा त्याचा नंबर वाचून दाखवला.

पलीकडे की-बोर्ड खडखडला. मग बाई आवाज खाली आणून म्हणाली, “हा कॉल रेकॉर्ड होतोय, तरी सांगते. तो तर आमच्या क्लेमच्या विभागात बसतो. पॉलिसी विकणं त्याचं कामच नाही. चार वेळा आला ना? मग तो विम्यासाठी आलेला नाही, मॅडम.”

मी फोन ठेवला. माझे कान गरम झाले होते. बाबा दारातच उभे होते, हातात पट्टा बसवलेलं घड्याळ घेऊन.

“हे त्याला कोण नेऊन देणार? मला गिऱ्हाइकं आहेत.”

दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. भिजू नये म्हणून नव्याने भरलेला फॉर्म आणि ती चिठ्ठी मी नमुन्यासाठी हाताने शिवलेल्या पिशवीत घातली आणि त्याच्या कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात गेले. मला बघून तो इतक्या घाईने उठला की खुर्ची मागे आपटली. आजूबाजूच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं.

मी घड्याळ आणि फॉर्म पुढे ठेवले. “आधीपासूनचे आजार... होय. गोळ्या, तारीख, डॉक्टर, सगळं खरं लिहिलंय. काल मी उगाच ओरडले. चुकलंच माझं.”

त्याने वाचलं. त्याचे खांदे एकदम सैल झाले. “थँक्यू,” तो म्हणाला, जणू बाबा त्याचेच होते.

“आता तुमची लपवलेली माहिती.”

“माझी?”

“घरी कोणी येत नाही म्हणे. तीन वर्षांपासून.”

तो लालेलाल झाला. “ते... फोनवर नीट समजत नाही कधीकधी...”

“मला पहिल्याच दिवशी समजलं होतं. प्रतीक्षा काळसुद्धा.”

“मग तीनदा का विचारलंत?”

आता कान खाजवायची पाळी माझी होती. पण खरं लिहायचं ठरलं होतं ना, मग खरं बोलायलाही हवंच. “तुम्ही यावं म्हणून.”

त्याने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

“बोला की! आज तर भूलही दिलेली नाही!”

तेवढ्यात त्याला माझ्या पिशवीतून डोकावणारी ती जुनी चिठ्ठी दिसली. त्याने ती घेतली, ‘ही नको’च्या खाली दोन शब्द लिहिले आणि घडी घालून माझ्या मुठीत दिली. बोटं थंडगार होती त्याची.

मी जिन्यात येऊन घडी उघडली.

‘हीच हवी.’

अठ्ठावीस तारखेला पॉलिसी आली. मी फोनवर तीनदा वाचली आणि मग मशिनमध्ये दोरा ओवला. बाबांच्या गोळ्या आता जेवणाच्या टेबलावर असतात, पाण्याच्या तांब्याशेजारी. खालचा तो खण मीच पुसून काढला.

“काय गं,” बाबा भिंगातून वर न बघता म्हणाले, “त्या गालफुग्याचं काय ठरवलंस? नंतर बघू?”

मी ‘नंतर बघू’ची चिठ्ठी नखाने खरवडून काढली.

“नाही, बाबा. संध्याकाळी येतोय तो. तुम्हाला विचारायला.”