ध्रुवपदाची जागा

या टेपरेकॉर्डरमध्ये दोष नाही, हे आधीच सांगतो. तीन मोटारी आहेत, दोन ट्रॅक आहेत, हेड जवळजवळ नवे आहेत. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढल्यावर यंत्राला उगाच नावं ठेवायची सवय राहत नाही. तुम्ही त्रिचीहून एवढ्या लांब बघायला आलात, तेव्हा वाजवून दाखवायला हवं, हेही मला कळतं. पण मी वाजवणार नाही. बाहेरचा कोणी असता तर त्याला तमिळमध्ये एवढंच सांगितलं असतं की घरात आता ऐकणारं कोणी उरलं नाही. तुम्ही आपल्यांतले, घरी मराठी बोलणारे, म्हणून बसा, सगळं ऐका, आणि मग न्यायचं असेल तर खुशाल न्या.

माझी बायको अलमेलू आता त्रेसष्ट वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिला कमी ऐकू येऊ लागलं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची घंटा, मग मी. मी चेष्टा करायचो, की चाळीस वर्षं माझं ऐकलं नाहीस, आता निदान निमित्त तरी मिळालं. डॉक्टर चेष्टेच्या मूडमध्ये नव्हते. वर्षभरात दोन्ही कान पूर्ण जातील, म्हणाले, आणि त्यानंतर कानातल्या यंत्राचाही फारसा उपयोग होणार नाही.

घरी आल्यावर ती रडली नाही. तिनं मला शिडी लावायला सांगितली आणि माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली घेतला. त्यात सात इंची टेपचं एकच स्पूल होतं.

"कान जायाच्या आधीं बाबांस एकदां नीट ऐकवा," ती म्हणाली. "मग कांहीं मागत नाहीं."

तिचे वडील सुब्रह्मण्यबुवा कीर्तनकार होते. आपल्या कीर्तनाची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. बुवा पदाची ओळ म्हणून थांबतात, आणि मागे उभा असलेला साथीदार ध्रुवपद उचलतो. त्या मोकळ्या जागेत बुवा श्वास घेतात. सातव्या वर्षापासून ही साथ अलमेलूच करायची. झांज तिच्या तळहातापेक्षा मोठी होती, असं ती सांगते. दारासुरमच्या एका रेशीमवाल्याकडे दर रामनवमीला बुवांचं कीर्तन असे. त्या गृहस्थानं सिंगापूरहून टेपरेकॉर्डर आणला होता. अलमेलू नऊ वर्षांची असताना तिथं झालेलं कीर्तन या स्पूलवर आहे; स्पूल त्यांनीच पुढे घरी पाठवलं.

पुढच्या वर्षी ती गेली नाही. तिचं नवं पावडं, म्हणजे परकर, शिंप्यानं वेळेवर दिलं नाही, म्हणून रुसून ती शेजारच्यांच्या कोठीत लपून बसली. बुवांनी दारात उभं राहून हाका मारल्या, बराच वेळ वाट पाहिली आणि बसची वेळ झाली तसे एकटेच गेले. कीर्तनात त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि सवयीनं ध्रुवपदासाठी थांबले. मागे कोणी नव्हतं. त्यांनी वळून पाहिलं. लोक सांगत, की बुवा तसेच वळून बघत उभे राहिले, मग हळूच खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

ही हकीकत अलमेलूनं मला लग्नानंतर दोनदाच सांगितली. दोन्ही वेळा ती 'वळून पाहिलें' इथपर्यंतच आली.

तेव्हा साधं मशीन घेणं मला पटेना. एकदाच ऐकवायचं, तर उत्तम ऐकवायचं. चार महिने मी शोधत होतो. शेवटी तिरुभुवनमला विष्णुवर्धन म्हणून एक रेशमी साड्यांचे व्यापारी भेटले. त्यांना या जुन्या यंत्रांचं वेड. स्वतः खोलून, पुसून, नीट करून ठेवतात. त्यांच्याकडे अशी दोन होती, त्यातलं एक द्यायला ते तयार झाले. मी जाऊन हेड भिंगातून पाहिले, मोटारींना कान लावला, दोन्ही वेग घड्याळावर तपासले. त्यांना माझा राग आला असणार, पण त्यांनी दाखवला नाही. आमचं स्पूल मात्र त्यांनी हातात घेऊन हुंगलं. त्याला शिळ्या ताकासारखा आंबूस वास येत होता.

"फार वेळा वाजवू नका, सार्," ते म्हणाले. "जुनी टेप आहे. दर वेळी थोडी थोडी झडते."

गाडीच्या मागच्या सीटवर उशा लावून आम्ही मशीन घरी आणलं. पूर्ण रस्ताभर अलमेलूचा हात त्याच्यावर होता.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी पुढच्या खोलीच्या खिडक्या लावल्या आणि स्पूल चढवलं. आधी नुसती सूं ऐकू आली. मग कोणीतरी खोकलं, झांज वाजली, आणि बुवा गाऊ लागले. अहो, काय सांगू! चोपन्न वर्षांपूर्वीचा माणूस खोलीत उभा राहावा तसा आवाज होता. ओळ संपली की एक बारीक, जरा बेसूर, पण जिवाच्या आकांतानं म्हटलेला पोरीचा आवाज ध्रुवपद उचलत होता. अलमेलू स्पीकरला गाल टेकवून बसली होती. तिला सगळं ऐकू आलं. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या दुपारी मला वाटलं, आयुष्यात एक काम तरी मी धड केलं. सवयीप्रमाणे मी वेळ लिहून ठेवली. एकतीस मिनिटं.

एकदाच, असं ठरलं होतं. पण तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितलं, आणि नाही म्हणायला माझी जीभ उचलेना.

आठवड्याभरानं माझ्या लक्षात आलं, की तिसऱ्या ओळीनंतर पोरीचा आवाज येत नाही. बुवा थांबतात, सूं ऐकू येते, आणि बुवाच पुढची ओळ घेतात. टेप झडली, असं मी म्हणालो. दोन दिवसांनी आणखी चार जागा रिकाम्या झाल्या. मग सगळ्याच. आता मला सांगा, टेपवरची पूड झडते तेव्हा ती माणूस निवडून झडते का? त्याच जागांवर मधूनमधून खोकला होता, कोणाच्या तरी बांगड्या होत्या. ते सगळं जिथल्या तिथं होतं. बुवांचा आवाज पहिल्या दिवसाइतकाच स्वच्छ होता. पोर तेवढी गेली होती. पुसलं जातंय की काय, म्हणून मी मागचं झाकण काढून रेकॉर्ड करणाऱ्या हेडची तार सोडवून ठेवली.

तरीही काहीतरी खटकत होतं, म्हणून पुन्हा वेळ लावली. चौतीस मिनिटं. मशीन हळू चाललं असतं तर बुवांचा सूर उतरला असता. मी श्रुतीपेटी काढून ताडून पाहिलं, सूर केसभरही हललेला नव्हता. टेप तेवढीच, वेग तोच, ओळी तेवढ्याच. वाढल्या होत्या त्या फक्त मधल्या जागा. बुवा आता प्रत्येक ओळीनंतर जास्त वेळ थांबत होते.

नोकरीत लोक तक्रार घेऊन यायचे, की लाइनीवर कोणीतरी श्वास घेतंय. मी त्यांना शेजारच्या तारेतली गळती समजावून सांगायचो आणि हसून पाठवायचो. त्या दुपारी मी त्या मोकळ्या जागेत कान देऊन बसलो, आणि मला श्वास ऐकू आला. घाईचा नव्हता, रागाचाही नव्हता. कोणाची तरी वाट पाहणारा माणूस घेतो तसा होता.

याच दिवसांत तिचे कान भराभर गेले. डॉक्टरांनी वर्ष सांगितलं होतं, इथं मशीन आल्यापासून दीड महिनाही लागला नाही. मी पाठीमागून पितळी ताट आपटलं तरी तिला कळेना. मशीनपुढे मात्र ती रोज बसायची.

एकदा मी दुपारी जरा आडवा झालो होतो. जाग आली तेव्हा पुढच्या खोलीतून मोटारींची घरघर येत होती. जाऊन पाहतो तर स्पीकरच्या तारा काढलेल्या. म्हणजे आवाज असणं शक्यच नव्हतं. टेप फिरत होती, खोलीभर तो आंबूस वास होता आणि अलमेलू समोर मांडी घालून बसली होती. ती मशीनकडे बघत नव्हती. मशीनच्या जरा मागे, उभ्या माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर तिची नजर होती. मधूनच ती ओठ उघडायची आणि पुन्हा मिटायची.

मी तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकली नाही.

"बाबा थांबलेत..." ती अगदी हळू म्हणाली. "मी ध्रुवपद धरूं कीं नको, तेंच कळेना."

मी तिच्यासमोर येऊन हातवारे केले, ओरडलो, बंद कर म्हणालो.

तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं. "तुमचें बोलणें मला पोंचत नाहीं," ती म्हणाली. "त्यांचें पोंचतें."

मला भीती वाटली. बुवांची नाही, तिची. चाळीस वर्षं जिच्या शेजारी झोपलो तिची भीती वाटते, हे सांगताना लाज वाटते, पण वाटली. मी प्लग उपटला, स्पूल डब्यात घातलं आणि डबा दारासुरमच्या त्या रेशीमवाल्याच्या नातवाकडे नेऊन दिला. तुमच्याच घरचं कीर्तन आहे, ठेवा, एवढंच सांगितलं. मशीनवर चादर टाकली. अलमेलू भांडेल, रडेल, अशी माझी तयारी होती. ती मजेत जेवली, झोपली. त्यानं माझी झोप गेली.

गेल्या गुरुवारी तिला कानांच्या शेवटच्या तपासणीला नेलं. ऑपरेशनचा काही उपयोग होईल का, ते बघायचं होतं. तिथं एक कप्प्यासारखी खोली असते. भिंतींना जाड गादी, एकच दार, एकच खुर्ची, आणि पुढे काच. आत पेशंट कानांवर हेडफोन लावून बसतो. बाहेर तपासणारी मुलगी आवाज सोडते, ऐकू आला की पेशंटनं बोट वर करायचं. आत एक माइक असतो, म्हणजे पेशंट काही बोलला तर बाहेर ऐकू येतं. मुलीचं नाव जननी. तिरुनागेश्वरमची तमिळ मुलगी, कामाला चोख. मला तिनं शेजारच्या स्टुलावर बसू दिलं.

तिनं आवाज सोडायला सुरुवात केली. अलमेलूचं बोट हललं नाही. आवाज वाढवत नेला. तरी नाही. शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला, तेव्हा तो काचेतून मलाही ऐकू आला. अलमेलू शांत बसली होती. जननीनं कागदावर रेघ मारली आणि सगळे आवाज बंद केले.

आणि मग अलमेलूनं बोट वर केलं.

थोड्या वेळानं पुन्हा केलं. मग पुन्हा. मधलं अंतर सारखं होतं. जननीनं बटणं तपासली. सगळी बंद होती. तिनं स्वतःचे हेडफोन कानांवर दाबून धरले आणि ऐकत राहिली. मग तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "सार्, अम्मांबरोबर आत आणखी कोण गेलं?"

कोणी नाही, मी म्हणालो.

"एक आजोबा बोलतायत," ती म्हणाली. "माइकवर येतंय."

मी हेडफोन मागितले नाहीत. मागायला हवे होते, पण हात पुढे झाला नाही. ते काय म्हणतात, एवढंच विचारलं.

"मला कळत नाही, सार्. तमिळ नाही." तिनं डोळे मिटले आणि अर्थ ठाऊक नसलेलं काही पाठ म्हणावं तसा एकेक शब्द सुटा करून उच्चारला. "अलमू... किती... थांबूं... तूं येतेस... कीं... मी येऊं?"

ही मुलगी जन्मात आपली भाषा बोललेली नाही. आमच्या घराबाहेर या गावात ती बोलतातच किती जण?

काचेपलीकडे अलमेलूनं जरा मान वर केली. चेहरा दहा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता. आणि तिनं मान हलवली. हो म्हणाली.

घरी आल्यावर मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिला विचारलं, की दोन्हींतल्या कशाला हो म्हणालीस. तिनं चष्मा लावून वाचलं, कागदाची घडी करून माझ्या खिशात ठेवली, आणि जाऊन पुढच्या दाराची कडी काढून ठेवली. बाहेर जाणाऱ्यासाठी काढली की आत येणाऱ्यासाठी, ते तिनं सांगितलं नाही. मी रोज झोपण्याआधी कडी लावतो आणि हात तिच्या मनगटावर ठेवून झोपतो. सकाळी ती माझ्या शेजारीच असते. कडी काढलेली असते.