धाकटीची खुर्ची

धाकटीला केस विंचरायला हात वर नेता येईना, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी फिजिओथेरपिस्ट. जगाच्या माना आणि कंबरा सरळ करत फिरते, आणि घरात सख्ख्या बहिणीची मान आखडलेली! दिव्याखाली अंधार, दुसरं काय. मोजपट्टी घेतली आणि सरळ तिच्या ऑफिसात गेले.

विम्याचे दावे तपासणारं ऑफिस. लांबलचक खोली, निळा गालिचा, एसीचा गारठा, आणि रांगेनं टेबलं. सगळ्यांच्या पाठी दाराकडे. धाकटीचं टेबल शेवटचं, नवंकोरं. तिच्याआधी तिथे कुणीच बसलेलं नव्हतं. खुर्ची इतकी उंच की तिचे पाय लोंबकळत होते. मॉनिटर डावीकडे वळलेला. दिवसभर मान वाकडी करून बसल्यावर दुखणार नाही तर काय होणार?

"अगं, ही खुर्ची तुझ्यासाठी आहे की जिराफासाठी?"

"हळू बोल ना ताई. मी अजून कायम नाही झाले. तक्रार केली तर नारळ देतील हातात."

बसायला धड खुर्ची मागणं म्हणजे तक्रार! मी कामाला लागले. खुर्ची खाली घेतली. तिचे पाय जमिनीला टेकले, कोपरं टेबलाच्या पातळीत आली. मॉनिटर बरोब्बर समोर ठेवला, हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. सगळं मनासारखं बसलं की खुणा करून ठेवायची माझी सवय आहे. पर्समधली नेलपॉलिश काढली, खुर्चीच्या दांड्यावर रेघ मारली, मॉनिटरच्या पायाभोवतीही मारली.

"खुर्चीनं माणसाशी जुळवून घ्यायचं असतं, माणसानं खुर्चीशी नाही. कळलं?"

"कळलं गं बाई," धाकटी म्हणाली.

आठवड्याभरात तिची मान आणखी आखडली. सकाळी गादीवरून उठताना रडायची. मी पुन्हा गेले. खुर्ची होती तशी उंच. मॉनिटर खुणेच्या बाहेर, पार टेबलाच्या डाव्या कडेला.

तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. "कोण हलवतं हे?"

"मॅडम, संध्याकाळी कुलूप लागतं इथे. आणि दिवसा एवढा वेळ कुणाला आहे?"

"मग काय, खुर्ची आपल्या पायांनी चालते?"

साहेब हसले. "त्यांचं काम मात्र सुधारलंय हं. एक चूक सापडत नाही हल्ली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी मान धरून रडतेय, आणि ह्यांना कामाचं कौतुक! मी मेकॅनिकला बोलावलं. साहेबांच्या नाकावर टिच्चून खुर्ची खुणेवर आणून तिचा दांडा वेल्डिंग करून घेतला. मॉनिटरचा पाय टेबलात स्क्रूंनी पक्का केला. आता हलवा म्हटलं, बघतेच.

पुढच्या खेपेला गेले तर वेल्डिंग शाबूत होतं. नेलपॉलिशची रेघही जागच्या जागी. तरी खुर्ची उंच होती. मॉनिटर पुन्हा डाव्या कडेला होता आणि तिथे माझेच स्क्रू घट्ट बसले होते. मी टेबलाच्या मधोमध हात फिरवला. जिथे स्क्रू पिळले होते, तिथे भोकंसुद्धा नव्हती.

शेजारच्या टेबलावर एक वयस्क बाई होत्या. "तुम्ही पाहिलं असेल ना, कुणी केलं हे?"

त्यांनी मान वळवली नाही. "आम्ही समोर बघतो हो. त्या बाजूला नाही बघत."

धाकटी हात धुवायला गेली होती. एवढं ह्या खुर्चीत आहे तरी काय, म्हणून मी स्वतः बसले. क्षणभर काहीच नाही. मग पाठीमागची गादी हळूहळू वर सरकू लागली. एकेक मणका चाचपत, शिंपी माप घेताना चाचपतो तशी. मानेपाशी येऊन थांबली.

त्या खुर्चीची पाठ मानेपर्यंत पोचत नव्हती.

मी ताडकन उठले. धाकटी येताच तिचं मनगट धरलं. "राजीनामा दे. आत्ताच्या आत्ता."

"वेडी आहेस का? उद्या कायम करणार आहेत मला." तिनं हात सोडवून घेतला. "आणि ताई, दुखायचं थांबत आलंय आता."

"असं बसून थांबेल कसं?"

ती खुर्चीवर चढून बसली.

घरी मी खूप आदळआपट केली. ओरडले, हातापाया पडले. ती सकाळी माझ्या आधीच निघून गेली.

दुपारी मी गेले ते तिला फरफटत बाहेर काढायचं ठरवूनच. साहेब दारातच भेटले.

"अभिनंदन मॅडम! कायम झाल्या त्या. आणि मानेचंही मिटलं एकदाचं."

"मिटलं? लाज नाही वाटत तुम्हाला?" मी त्यांना बाजूला सारलं.

रांगेतलं कुणीही मागे वळून पाहिलं नाही.

धाकटीच्या टेबलावर मॉनिटर नव्हता. तो तिच्या खुर्चीच्या मागे होता, फायलींच्या कपाटावर, माझ्याच स्क्रूंनी घट्ट बसवलेला.

तिची पाठ माझ्याकडे होती. कुर्त्याची शिवण मधोमध, सरळ. खांदे सैल. कुठे कसला ताण नाही.

"ताई," ती म्हणाली, "बघ, आता अजिबात दुखत नाही."

ती माझ्याकडे बघून हसत होती.

मी तिच्या मानेला हात लावला. अंगठ्यानं दाबून पाहिलं. एकही गाठ नव्हती. सगळं मऊ, कोमट.

पलीकडे तिचे हात टाइप करतच होते.